घळीच्या अलीकडून

५ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

तीन वर्षांनी माझं पत्र बघून आधी तुला वाटेल, काहीतरी वाईट घडलं. तसं काही नाही. कोणी गेलेलं नाही, कोणी अंथरुणाला खिळलेलं नाही. आम्ही दोघं होतो तिथंच आहोत आणि जाळंही होतं तिथंच आहे. फक्त गुडघे कुरकुरतात, माझेही आणि तुझ्या दादाचेही. सकाळी दोघं उठून उभे राहिलो की घरात चार जण असल्यासारखं वाटतं.

काम आहे म्हणूनच लिहिते आहे, हे आधीच कबूल करते. तुमच्या शहरात खेळाच्या सामानाचं दुकान असेल. तिथून एक शिट्टी पाठव. मैदानावर पंच वाजवतात तसली, धातूची, सगळ्यात मोठ्या आवाजाची. इथं दुकानात मिळतात त्या प्लास्टिकच्या, फुंकर मारली की चिमणी शिंकल्यासारखा आवाज येतो.

कशाला हवी, असं विचारशील. माझा घसा बसलाय. काम काही बदललेलं नाही. तुझे दादा ओहोटीला मधली घळ ओलांडून पलीकडे जाळं बांधलेल्या खुंटांपाशी जातात, वाकून जाळं उचलतात, तोंड समुद्राकडे. भरतीचं पाणी परत फिरतं ते आधी घळीत शिरतं, त्यांच्या पाठीमागून. ते त्यांना दिसत नाही. मी अलीकडच्या काठावर उभी राहून खुणेचा दगड बघत राहते, तो ओला झाला की हाक मारते, आणि ते निघतात. मी या घरात येण्याआधी हे काम तुझंच होतं, तेव्हा तुला काय सांगायचं. अकरा वर्षांची तू फ्रॉक खोचून तिथं उभी असायचीस, आणि मी आल्यावर आठ दिवसांत ते काम माझ्या गळ्यात घालून मोकळी झालीस. एकतीस वर्षं झाली त्याला. घसा किती पुरणार?

होडीवाल्यांचं बरं असतं, ते पाण्यावर असतात. आपण पायांनी जाऊन पायांनी परत येतो तेवढाच समुद्र आपला. त्यातही आजकाल दमायला होतं. टोपली भरली तर उचलून दमते आणि नाही भरली तर बघून दमते.

शिट्टी लवकर पाठव.

तुझी वहिनी


१६ ऑक्टोबर

वहिनी,

शिट्टी पाठवते आहे. दुकानदारानं वाजवून दाखवली तेव्हा रस्त्यावरचा सायकलवाला ब्रेक दाबून उभा राहिला, म्हणून हीच घेतली.

मी मजेत आहे. हॉटेलच्या धुलाईघरातच अजून. आता मला इस्त्रीच्या मोठ्या रुळावर घेतलंय. दोघींनी चादरीची दोन टोकं धरायची आणि रुळात सोडायची, पलीकडे दोघी घडी घालायला उभ्या असतात. दिवसाला सहाशे चादरी होतात. घरी येऊन भाजी चिरायला घेतली की बोटं चादर धरल्यासारखी वाकलेलीच राहतात, आधी ती सरळ करावी लागतात. दोन खोल्या आहेत, खाली टायरचं दुकान आहे, दिवसभर हवा भरण्याचा आवाज येतो. एकटीला दोन खोल्या खूप झाल्या.

घसा जप. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या कर. गरज नसेल तेव्हा बोलू नको, हे तुला जड जाईल म्हणा.

दादाला माझा नमस्कार सांग, असं लिहिलं होतं, ते वर खोडलेलं दिसेल. काही सांगू नको. त्याला माझ्याकडून काही ऐकून घ्यायचं नाही हे मला तीन वर्षांपूर्वीच कळलंय.

तुझी नणंद


९ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

शिट्टी झकास आहे. पहिल्यांदा वाजवली तेव्हा किनाऱ्यावरचे सगळे पक्षी एकदम उठले आणि दोन कुत्री माझ्या मागे लागली. बगळा काठी टेकत आला आणि विचारता झाला की ही गाडी कुठून सुटते. तो तुला आठवत असेल, आपल्या शेजारच्या खुंटांवरचा, लांब तंगड्यांचा म्हणून ज्याला सगळे बगळा म्हणतात. आता म्हातारा झालाय आणि सगळ्या खुंटवाल्यांचा म्होरक्या झालाय. कोणाचे खुंट कुठं, कोणाचे काढायचे, सगळं तोच ठरवतो. त्याच्याशी गोड बोलावं लागतं.

पण शिट्टी पुरत नाही ग. काल पाच वेळा वाजवली. वारा उलटा होता बहुतेक. त्या दुकानात भोंगा मिळतो का बघ, रबरी फुगा दाबून वाजवायचा. किंवा कारखान्यात पाळी सुटताना वाजतो तसला, हातात धरता येईल इतका लहान. तू म्हणशील वहिनीला वेड लागलं. लागलं तर लागलं, पण भोंगा बघ.

घसा अजून बसलेलाच आहे.

आणि हे काय लिहिलंस, दादाला तुझ्याकडून काही ऐकून घ्यायचं नाही म्हणून? मी ते वाक्य चार वेळा वाचलं. तू शेवटची आलीस तेव्हा आठ दिवस राहिलीस, तुझे मिस्टर जाऊन सहा महिने झाले होते, आणि मला तर आठवतं की तुझे दादा तुझ्यासाठी रोज त्यातल्या त्यात मोठा मासा बाजूला काढून ठेवायचे. भांडण झालेलं मी पाहिलं नाही. तू मात्र गेलीस ती गेलीसच. मी गप्प बसले, भावाबहिणीच्या मध्ये कशाला पडा. आता विचारते आहे, तर सरळ सांग.

तुझी वहिनी


२० नोव्हेंबर

वहिनी,

भोंगा पाठवत नाही. दीड महिना घसा बसत नसतो, डॉक्टरकडे जा. माझ्याबरोबर रुळावर काम करणाऱ्या एकीचा असाच बसला होता, तिनंही हसण्यावारी नेलं होतं. भोंग्यानं घसा बरा होत नाही.

तू सरळ विचारलंस म्हणून सरळ सांगते, नाहीतर हे मी कोणाला सांगितलं नसतं.

त्या वेळी आठव्या दिवशी दादा मला बसला बसवायला आला होता. माझी बॅग त्याच्या खांद्यावर होती. बस सुटायला दहा मिनिटं होती, इंजिन चालूच होतं. आठ दिवस मी एक गोष्ट विचारायची म्हणून मनात घोळवत होते आणि रोज जीभ मागे घेत होते. शेवटी तिथं, बसच्या दाराशी, विचारलं. म्हटलं, "दादा, मला तिथं एकटीला राहवत नाही. मी घरी परत येऊ का? कायमची?"

वहिनी, तो ड्रायव्हरकडे बघत होता. मग माझ्याकडे वळून हसला, बॅग वर चढवली आणि म्हणाला, "खिडकीची जागा मिळाली, बरं झालं."

एवढंच म्हणाला. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि खाली उतरून बस सुटेपर्यंत उभा राहिला. मी त्या खिडकीच्या जागेवर बसून सहा तास रडत आले. नाही म्हणाला असता तर चाललं असतं. तुमचं घर लहान आहे, मागच्या खोलीत जाळी असतात, तुमचंच तुम्हाला पुरत नाही, हे मला दिसत होतं. पण माणसानं असं ऐकून न ऐकल्यासारखं करावं, आणि वर हसावं, हे मला सहन झालं नाही.

आता परत यायचं म्हणून हे लिहीत नाही, ते कधीच सोडून दिलं. तू विचारलंस म्हणून लिहिलं. घशाचं बघ.

तुझी नणंद


३ डिसेंबर

वन्सं,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. आठ दिवस मी तोंडात गुळणी धरून घरात फिरते आहे. आज हे बगळ्याकडे खुंटांचं लाकूड बघायला गेलेत, तेवढ्यात लिहिते.

माझा घसा उत्तम आहे. कधी बसलाच नव्हता.

तुझ्या दादांना ऐकू येत नाही. उजवा कान चार-पाच वर्षांपूर्वीच गेला, डावा त्याच्या मागून हळूहळू. तू बसस्टँडवर उभी होतीस तेव्हा बॅग कुठल्या खांद्यावर होती ते आठव. डाव्या असणार, ते नेहमी डाव्याच खांद्यावर घेतात. म्हणजे तू उजवीकडे असशील. आणि इंजिन चालू होतं. वन्सं, त्यांच्यापर्यंत तुझा एक शब्द पोहोचलेला नाही. तू काहीतरी बोललीस एवढं त्यांना कळलं असेल आणि जागेबद्दल बोलली असशील असं ते धरून चालले असतील. ते असंच करतात. माझ्याशीही करतात.

मी तुला आधी का नाही सांगितलं? त्यांनी शपथ घातली होती. खुंटवाल्यांचा नियम तुला माहीत आहे. ज्याला काठावरची हाक ऐकू येत नाही त्यानं खुंटांपाशी जायचं नाही, त्याचे खुंट दुसऱ्याला द्यायचे. कारण अशा एकाला आणायला दोघं जातात आणि मग तिघांचं काय होईल ते सांगता येत नाही. नियम चुकीचा नाही. पण खुंट गेले तर आम्ही काय करायचं? होडी नाही, दुसरं काही येत नाही, आणि हे घरात बसले तर चार महिन्यांत झुरतील. म्हणून मी गप्प बसले. बगळ्यासमोर मी मुद्दाम यांच्याशी मोठ्यानं भांडते, म्हणजे मोठ्यानं बोलण्याचं कारण होतं. अख्ख्या किनाऱ्याला वाटतं मी कजाग आहे.

कानातलं यंत्रही आणलं. वाऱ्यात त्यातून नुसता घोंघाट येतो म्हणे, आणि पाण्यात घालता येत नाही. ते ड्रॉवरमध्ये पडलंय. ओढून खूण करायला दोरी बांधून पाहिली, ती खुंटांत गुंतली आणि हेच पडले. आता दर तीन खुंटांनंतर मागे वळून बघायचं असं ठरलंय. बघतातही. पण जाळ्यात मासे असले की तीन खुंट कुठले आणि सहा कुठले. ऑगस्टमध्ये एकदा घळ ओलांडताना पाणी छातीला होतं. सप्टेंबरात हनुवटीला होतं, टोपली तिथंच सोडून आले आणि म्हणाले, आज पोहणं झालं. मी त्या दिवशी घरी येऊन भांडी घासत बसले, घासलेलीच परत घासली.

म्हणून शिट्टी, म्हणून भोंगा. मोठा आवाज पोहोचेल अशी आशा होती. नाही पोहोचत.

मला वाटलं होतं मी यांचं झाकते आहे. ते झाकताना तुझी तीन वर्षं गेली, हे मला कसं कळावं? मला माफ कर म्हणायलाही तोंड नाही.

वहिनी


१२ डिसेंबर

वहिनी,

तुझं पत्र दुपारच्या सुट्टीत वाचलं आणि रुळावर परत गेले. पहिलीच चादर तिरकी गेली, दुसरीही गेली. मुकादम ओरडली. मी तिला म्हटलं माझ्या डोळ्यात वाफ गेली.

मला स्वतःचाच राग येतोय. इथं रुळाशी पंधरा-वीस वर्षं काढलेल्या बायका आहेत, यंत्रांच्या आवाजानं त्यांचे कान गेलेत. त्या कशा हसतात ते मी रोज बघते. सगळ्या हसल्या की क्षणभर मागून हसतात. काही विचारलं की भलत्याचंच उत्तर देतात आणि तुमच्या तोंडाकडे बघत राहतात, बरोबर आलं का म्हणून. त्यांचं मला लगेच ओळखू येतं. सख्ख्या भावाचं ओळखू आलं नाही. खिडकीची जागा मिळाली म्हणाला तेव्हा तो माझ्या तोंडाकडे असाच बघत होता. मीच मान फिरवली.

तू माफी मागू नको. तुझ्या जागी मीही झाकलं असतं.

पण एक विचारते, चिडू नको. तुमच्या दोघांत ऐकू कोणाला येतं? तुला. मग ज्याला ऐकू येत नाही तो पाण्यात आणि जिला येतं ती वाळूवर, हे कोणी ठरवलं? दगड बघायला डोळे लागतात. हाक मारायला तोंड लागतं. दादाचे डोळे आणि तोंड दोन्ही धड आहेत ना? कान लागतात ते पाण्यातल्या माणसाला. आधी आमचा बाप पाण्यात जायचा आणि आई काठावर, मग दादा आणि मी, मग दादा आणि तू. तसंच चालत आलं म्हणून कोणी विचार केला नाही. तुम्ही दोघं उलटे उभे आहात, वहिनी.

भोंगा मिळाला होता. आता पाठवत नाही.

तुझी नणंद


३० डिसेंबर

प्रिय वन्सं,

तुझं पत्र वाचून आधी मी हसले. मग बराच वेळ हसले नाही.

तू लिहितेस ते खरं आहे, आणि आम्हा दोघांच्या डोक्यात ते कधी आलं नाही, याची लाज वाटते. पण कागदावर सोपं आहे. मी एकतीस वर्षं समुद्राकाठी काढली, पण गुडघ्याच्या वर पाणी कधी घेतलं नाही. मी आतल्या मुलखातली, मला पोहता येत नाही. काठावरून ती घळ मला अंगणाएवढी वाटते, पण तिच्यात उतरायचं म्हटलं की पाय गार पडतात. खरं सांगते, तुझा कागद मी चार दिवस यांना दाखवलाच नाही. ते हो म्हणतील याची भीती वाटत होती.

शेवटी दाखवला. ते हो म्हणाले नाहीत. म्हणाले, मी काठावर उभा राहून हाका मारू आणि बायकोला पाण्यात पाठवू? बगळा काय म्हणेल? मग म्हणाले, तुला काही झालं तर? मी विचारलं, आणि तुम्हाला झालं तर? ते उठून जाळं सांधायला बसले. माझा प्रश्न त्यांनी ओठांवरून नीट वाचला होता, मला माहीत आहे. तर तो विषय तिथंच थांबला, आणि आम्ही जसे उभे होतो तसेच उभे आहोत.

पण दुसरी गोष्ट सांगते. तू बसच्या दाराशी विचारलं होतंस ते मी एका कागदावर जसंच्या तसं उतरवून त्यांच्या हातात दिलं, आणि खाली त्यांचं उत्तरही लिहिलं. ते वाचत होते, मी चुलीशी होते. वळून बघितलं तर कागद तसाच हातात. मला म्हणाले, "मी खिडकीचं म्हणालो?" मी मान हलवली. थोड्या वेळानं परत तेच विचारलं. जेवताना परत.

दुसऱ्या दिवशी ओहोटी असून ते पाण्यावर गेले नाहीत. मागच्या खोलीतली सगळी जाळी त्यांनी एकट्यानं बाहेर काढली, पडवीत छताला टांगली, खोलीची जमीन धुतली. संध्याकाळी येऊन म्हणाले, वास जायला महिना लागेल, तिला तसं लिही.

तर लिहिते आहे. वास जायला महिना लागेल.

तुझी वहिनी


१५ फेब्रुवारी

वहिनी,

जानेवारीत दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. तुमच्या तिथल्या दुकानात फोन लावला, तो माणूस म्हणतो सांगतो, आणि ठेवतो. दुसऱ्यांदा लावला तर म्हणाला, ते दोघं दिसले नाहीत बरेच दिवस.

माझा जीव टांगणीला लागलाय. वाईट असेल तरी लिही. चांगलं असेल तर एक ओळ पुरे. धुलाईघरात सांगून ठेवलंय की घरी परत जायचंय, मार्चअखेर मी काम सोडते. त्याआधी बोलवायची वेळ आली असेल तर आत्ता निघते.

तुझी नणंद


२ मार्च

प्रिय वन्सं,

आम्ही दोघं आहोत. हे आधी लिहिते, मग बाकीचं.

नऊ जानेवारीला घडलं. थंडी होती, मोठी ओहोटी होती, त्यामुळे पाणी खूप आत गेलं होतं आणि हे शेवटच्या खुंटांपर्यंत गेले होते. मासे चांगले लागले होते. बाकीचे खुंटवाले उरकून गेले. दगड ओला झाला. मी हाक मारली, शिट्टी वाजवली. ते वाकलेलेच. दगड बुडला. मी ओरडत होते, हात हलवत होते, त्यांची पाठ माझ्याकडे. एवढी वर्षं मी त्या पाठीकडे बघत उभी राहिले, त्या दिवशी मला ते जमेना. मी उतरले.

घळीत पाणी कमरेला होतं, मध्यावर गळ्याला. पायाखालचा चिखल ओढत होता. कशी पलीकडे निघाले मला आठवत नाही. धावत गेले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

ते वळले. मला गळ्यापर्यंत भिजलेलं बघितलं, मागे घळ बघितली. टोपली सोडली, माझं मनगट धरलं आणि निघाले. परत येताना मध्यावर माझे पाय सुटले, नाकातोंडात पाणी गेलं. त्यांनी मला काखेत हात घालून वर धरलं, स्वतः डोक्यापर्यंत बुडाले असतील, पण मला वर धरलं. वाळूवर आलो आणि दोघंही तिथंच बसलो. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "किती वेळ हाका मारत होतीस?"

मी म्हटलं, "दगड ओला झाल्यापासून."

"आणि दर वेळी?"

"दर वेळी."

त्यांनी तोंड ओंजळीत धरलं. वन्सं, मला वाटत होतं त्यांना माहीत आहे. माझी हाक ऐकू येत नाही हे त्यांना माहीत होतं, पण मी मारत राहते, घसा फुटेपर्यंत, प्रत्येक ओहोटीला, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांच्या कानात तर सगळं शांत असतं. त्यांना वाटायचं मी शांत उभी असते.

मला त्यानंतर ताप भरला, छातीत कफ झाला, दीड महिना अंथरुणात होते. म्हणून पत्र नाही. तुझी पत्रं यांनी माझ्या उशाशी ठेवली होती, पण लिहायला बसवत नव्हतं, आणि यांना पत्र लिहायला सांगावं तर दोन ओळींत घामाघूम होतात. दुकानात कोणी निरोप विचारत असेल हे आमच्या गावीही नव्हतं.

मी अंथरुणात असताना हे स्वतः उठून बगळ्याकडे गेले आणि सगळं सांगून आले. कान गेलेत, चार वर्षं लपवलं, बायको माझ्यामागे पाण्यात शिरली. मला वाटलं खुंट गेले. मी बरी झाल्यावर बगळ्यानं सगळ्यांना बोलावलं, आम्हालाही. नियम परत म्हणून दाखवला, पाण्यात जाणाऱ्याला हाक ऐकू आलीच पाहिजे. मग यांना खुणेनं विचारलं, पाण्यात कोण जाणार? यांनी माझ्याकडे बोट केलं. मागे कोणीतरी हसलं. बगळा हसला नाही. म्हणाला, नियमात ऐकू येण्याबद्दल आहे, बाकी कशाबद्दल काही नाही. मला पार शेवटच्या खुंटापाशी उभं केलं, समुद्राकडे तोंड करून, आणि यांना काठावरून हाका मारायला लावल्या. ऐकू आली की हात वर करायचा. दहाच्या दहा वेळा केला. खुंट राहिले.

आता आठवडा झाला. घळ कोरडी असते तेव्हा जायचं आणि यायचं, मग पोहण्याची गरज पडत नाही, हे मला आता कळलं. भीती अजून वाटते. तिकडे वाकलं की मागचं काही दिसत नाही, सगळा भरवसा पाठीमागच्या माणसावर टाकावा लागतो. संध्याकाळी पाठ उचलत नाही. पण जमतं आहे.

एक गोष्ट मात्र तुला सांगते, ती तुझ्यापाशीच ठेव. तुझे दादा फार लवकर हाक मारतात. दगड कोरडा ठणठणीत असतो, अजून सात-आठ खुंट उचलायचे असतात, जाळ्यात मासे हलताना दिसत असतात, आणि काठावरून हाक येते. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून इतक्या जोरात की सगळा किनारा माना वळवतो. पहिल्या दिवशी मी चिडले. वळून बघितलं तर ते दगडाकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते. आता रोज निम्मं जाळं तसंच राहतं. बगळा म्हणाला, नवऱ्याला समजाव, असं कसं चालेल.

मी समजावणार नाही. हाक मारली आणि पाण्यातला माणूस वळत नाही, तेवढ्या वेळात काठावरच्या माणसाचं काय होतं ते मला माहीत आहे. म्हणून पहिल्याच हाकेला मी जाळं सोडते, वळते आणि "आले" म्हणते. त्यांना ते ऐकू जात नाही. मग हात वर करते, तेव्हा कुठे ते थांबतात.

मार्चअखेरीला ये. खोलीतला वास गेलाय.

तुझी वहिनी